पाय हलला, हात थांबला

या दुखण्यात मी सगळ्यात जास्त ऋणी आहे तो इंदापूरच्या डॉ. सोनटक्के यांचा. हे वाक्य आमच्या घरात बरेच दिवस मोठ्यानं बोलायची सोय नव्हती. माझं पहिलं ऑपरेशन त्यांनी मध्येच सोडलं होतं. नात्यागोत्यात त्यांची ओळख अजूनही 'अर्धं काम करणारा डॉक्टर' अशीच आहे.

मी लोणी देवकरच्या एका कारखान्यात स्टोअर सांभाळतो. माझं गाव नरसिंहपूरच्या अलीकडे, भीमेच्या काठाला. माझ्याआधी आमच्या घरात कोणी कॉलेजात गेलं नव्हतं. मी एस.टी.नं जाऊन-येऊन बी.एस्सी. झालो. त्यामुळे भावकीत कुणाचाही रिपोर्ट आला, औषधाची चिठ्ठी आली, की "बाळूला दाखवा, त्यो वाचंल" असं ठरलेलं. मूत्राशयात गाठ असल्याचा रिपोर्टही मीच वाचला. त्या वेळी वर नाव माझं होतं, आणि वाचून मला काहीच कळलं नाही.

ज्यांच्यावर ही वेळ आली आहे किंवा येणार आहे, त्यांच्यासाठी हे लिहितो आहे. औषधाचं डॉक्टर सांगतील. मी फक्त घडलं ते सांगतो.

उन्हाळी

लघवी लाल झाली, पण दुखलं काहीच नाही. दिवस कडक उन्हाचे होते. आबा, म्हणजे माझे वडील, म्हणाले, "उन्हाळी लागलीया. धन्याचं पानी पी." माझी बायको रूपाली सांगवीची. तिच्या माहेरी यावर सब्जा देतात, म्हणून तिनं तोही भिजवला. दोन-तीन दिवसांत लघवी स्वच्छ झाली. धन्याला गुण आला असं सगळ्यांनी मानलं. काही आठवड्यांनी पुन्हा लाल, पुन्हा धने, पुन्हा स्वच्छ. असे महिने गेले. दुखत नाही म्हणजे मोठं काही नाही, अशी आमची सगळ्यांची समजूत. विज्ञानाची पदवी घेतलेला मीसुद्धा तसंच समजत होतो.

एक दिवस कारखान्याच्या संडासात रक्ताची गुठळी पडली. तेव्हा इंदापूर गाठलं.

डॉ. सोनटक्क्यांनी सोनोग्राफी केली आणि आम्हा तिघांना समोर बसवलं. "मूत्राशयाच्या उजव्या भिंतीला गाठ आहे," ते म्हणाले.

आबा पुढं सरकले. "खडा आसंल सायेब. आमच्याकडं समद्यास्नी खडाच हुतो."

"खडा असता तर मलाही बरं वाटलं असतं, आबा."

"मंग नीट बघा की पुन्यांदा."

डॉक्टरांनी खरंच पुन्हा बघितलं. आबांच्या समाधानासाठी बघितलं, हे मला तेव्हाही कळलं. गाठ तिथंच होती. दुर्बिणीनं, लघवीच्या वाटेनं ती खरवडून काढायची, मग तपासायला पाठवायची. कसली आहे ते त्यानंतर कळणार.

परत निघालो. स्टँडवर आबांनी रसाच्या गाड्यावर थांबवलं. "ह्याच्यात बर्फ टाकू नगंस, त्याला दम्याचा तरास हाय," एवढंच ते रसवाल्याला म्हणाले. माझा दमा लहानपणापासूनचा. त्या दुपारी आबांना माझं तेवढंच दुखणं कबूल होतं.

लाथ

कमरेत सुई देऊन खालचं अंग बधिर केलं. दोन्ही पाय उंच आधारांवर ठेवून बांधले. एका हाताला सलाईन, दुसऱ्याला रक्तदाबाचा पट्टा, आणि दोन्ही हात बाजूच्या फळ्यांना अडकवलेले. मी जागा होतो. डॉक्टर माझ्या पायांच्या मध्ये स्टुलावर बसून काम करत होते. बराच वेळ सगळं शांत होतं.

मग माझा उजवा पाय उडाला.

मला तो जाणवला नाही, दिसला. मांडी झटक्यानं आत आली, आधार खडखडला.

"पाय हलवू नका," डॉक्टर म्हणाले.

"नाही हलवत, साहेब."

मी दात आवळले. कमरेखाली माझं काहीच नव्हतं, तरी सगळा जोर लावून मी पाय स्थिर ठेवायला बघत होतो. तो पुन्हा उडाला. या वेळी गुडघा डॉक्टरांच्या कानशिलावर बसला.

आमच्याकडे चुकून कुणाला पाय लागला तरी लगेच वाकून त्याला हात लावतात आणि तो हात कपाळाला नेतात. लहानपणापासून हे इतकं अंगात भिनलेलं असतं की विचार करावा लागत नाही. माझा हात तसा उचललाही गेला, आणि पट्ट्यात अडकला. माझं दुखणं काढणाऱ्या माणसाला मी लाथ मारली होती आणि नमस्कारसुद्धा करता येत नव्हता. "चुकलं साहेब, चुकलं साहेब," असं मी छताकडे बघून म्हणत राहिलो.

डॉक्टरांनी गाठ कापणाऱ्या यंत्राचा करंट कमी करायला सांगितला. एकदा प्रयत्न केला. पाय उडालाच.

"थांबतो मी," ते म्हणाले. "इथून पुढं कापणार नाही."

"सर, थोडंच राहिलंय," नर्स म्हणाली.

"भिंतीला चिकटलेलं तेवढंच राहिलंय. नाही कापणार."

मला स्ट्रेचरवरून बाहेर आणलं तेव्हा आबांचा आवाज पूर्ण दवाखान्यात घुमत होता. डॉक्टर त्यांना समजावत होते, की मूत्राशयाची भिंत पातळ असते, आणखी एकदा पाय उडाला असता तर हत्यार आरपार गेलं असतं.

"मंग अर्धं तरी कशाला कापलं? अर्धी गाठ आत ठिवून मानूस घरी न्यायचा व्हय? जमत न्हाय तर बोर्ड कशाला लावलाय भाईर?"

डॉक्टर हिरव्या टोपीत तसेच उभे होते. एक कान लाल झालेला. "बारामतीला मुलाणी मॅडम आहेत, भूलतज्ज्ञ," ते म्हणाले. "सोनोग्राफीवर बघून त्या पायाच्या नसेला वेगळं इंजेक्शन देतात. मी बोललोय त्यांच्याशी. उरलेलं तिथं करून घ्या. उशीर करू नका."

"तुमच्या सांगन्यावर आता कुटं जायाचं न्हाय आमाला."

आबांनी पाठ फिरवली. रूपालीनं मात्र मॅडमचं नाव आणि दवाखान्याचा पत्ता विचारून घेतला. त्यानंतर आबा माझ्या खाटेशी आले. नळीतून लाल पाणी पिशवीत उतरत होतं, त्याच्याकडे ते बघत राहिले. मग म्हणाले, "आन् तू रं? जरा दम धराया काय झालतं तुला?"

त्या सगळ्या आजारपणात कुठलीही सुई मला एवढी टोचली नाही.

सराव

तपासणीचा निकाल आला. कॅन्सर. काढलेल्या तुकड्यात तो वरवरचा दिसत होता, पण उरलेल्या भागाची खात्री कोणी देईना. तो भाग लवकर आणि पूर्ण निघायला हवा होता. मुळं खोल गेली असतील तर सगळं मूत्राशयच काढावं लागेल आणि जन्मभर पोटावर पिशवी, असं डॉ. सोनटक्के मला फोनवर म्हणाले. आबांना आम्ही पिशवीचं सांगितलं नाही.

गावात बातमी वेगळीच पसरली. पारावर कोणीतरी विचारलं, "काय बाळासाहेब, डॉक्टरला लाथ घातली म्हणं?" दुसरा म्हणाला, "बिल सांगितलं आसंल." सगळे हसले. मीही हसलो. आत अर्धी गाठ होती आणि ती माझ्याच भित्रेपणामुळे राहिली, असं मला पक्कं वाटत होतं.

म्हणून मी सराव सुरू केला. हे लिहायला संकोच वाटतो, पण माझ्यासारखा आणखी कोणी असेल तर त्याला कळावं. संध्याकाळी दार लोटून मी खाटेवर पडायचो, पाय दोन स्टुलांवर ठेवायचो आणि रूपालीला सांगायचो, अचानक मांडीला कंगव्याचे दात टोचव. मी हलायचं नाही, एवढाच सराव. पहिल्या दिवशी हललो. पुढं पुढं जमायला लागलं.

"हलला," ती म्हणायची.

"नाही हलला. पुन्हा टोचव."

एका संध्याकाळी तिनं कंगवा भिंतीवर फेकला. "मला न्हाय जमायचं आता. काळंनिळं झालंय हितं समदं." ती जमिनीवर बसून रडायला लागली. मला खाटेवरून चटकन उतरता येईना.

आबा दारात उभे होते. त्यांनी किती बघितलं होतं माहीत नाही. ते म्हणाले, "सराव कशापायी? मी धरतो की पाय. बैलाच्या खुराला पत्री ठोकताना धरतोच का न्हाय? डाक्टरला म्हणावं, बाप आत यील, त्यो पाय धरंल."

ते चेष्टा करत नव्हते. बारामतीला जायला आबा तयार झाले ते या बोलीवर.

"कसला सराव?"

मुलाणी मॅडम पन्नाशीच्या. चष्मा दोरीला बांधून गळ्यात. आधीचे कागद बघून त्यांनी दम्याची चौकशी केली, छाती तपासली. मग विचारलं, "काही शंका?"

मी म्हणालो, "मॅडम, या वेळी पाय हलणार नाही. मी सराव केलाय."

त्यांनी पेन खाली ठेवलं. "कसला सराव?"

मी सांगितलं. रूपाली मान खाली घालून बसली होती. मॅडमनी कागद बाजूला सारले. मग खुर्ची माझ्या जवळ ओढली.

"तुम्ही पाय हलवलाच नव्हता," त्या म्हणाल्या. "मांडीची एक नस मूत्राशयाच्या भिंतीला खेटून जाते. भिंतीपाशी करंट लागला की तो नसेला बसतो आणि पाय उडतो. कमरेतली भूल हा झटका थांबवू शकत नाही. माझा पाय असता तरी उडाला असता. सोनटक्क्यांचा असता तरी."

"आन् धरला तर?" आबांनी विचारलं. "मी हाय की."

"धरून हे थांबत नाही, आबा. धरलेला पायही आतल्या आत झटका देतो, आणि हत्यार तर आतच असतं. पूर्ण झोपवून, स्नायू ढिले करूनही करता येतं, पण यांच्या दम्यामुळे मला ते टाळायचंय. म्हणून नसच गप्प करायची."

आबांनी टोपी काढून मांडीवर ठेवली. "मंग त्या इंदापूरवाल्यानं का न्हाय केली गप्प?"

"त्यांच्याकडे हे यंत्र नाही. आणि पाय उडणार की नाही, ते दर वेळी आधी कळत नाही. उडाला तेव्हा ते थांबले. थोडंच राहिलंय म्हणून पुढं जाणाऱ्यांचे पेशंटही आमच्याकडे येतात. त्यांचं मूत्राशय फाटलेलं असतं."

आबांनी टोपी परत डोक्यावर घातली. मी तिथंच, सगळ्यांसमोर, लहान मुलासारखा रडलो. पाय माझा नव्हता, लाथही माझी नव्हती. पण मग माझ्या हातात काहीच नव्हतं. दम धरला तर गाठ निघेल, एवढा तरी आधार होता. तोही गेला.

पडद्यावरची नस

पुन्हा कमरेत सुई, पुन्हा बांधलेले हात. या वेळी ऑपरेशन सुरू होण्याआधी मॅडमनी माझ्या जांघेत जेली लावून सोनोग्राफीचं यंत्र टेकवलं आणि पडदा माझ्याकडे वळवला. मला फक्त करडे पट्टे दिसत होते, नदीकाठच्या मातीच्या थरांसारखे. त्यातून एक पांढरी रेघ तिरकी पुढं सरकत होती. ती सुई.

"आता मी मुद्दाम उडवते," त्या म्हणाल्या. "घाबरू नका."

त्यांनी एका छोट्या यंत्राची कळ फिरवली आणि माझी मांडी उडायला लागली. टक, टक, टक. मी बघत होतो. कोणीतरी दुसऱ्याच्या अंगणात कोंबडी दाणे टिपताना बघावी तसा. मग पडद्यावर सुईच्या टोकाशी औषध काळ्या पाण्यासारखं पसरलं. उडणं बारीक झालं, आणखी बारीक झालं, आणि बंद पडलं.

"थांबला," मी म्हणालो.

"थांबला," त्या म्हणाल्या. "पण पूर्ण खात्री कोणीच देत नाही. मी इथंच आहे."

नसेच्या दुसऱ्या फांदीलाही तसंच इंजेक्शन दिलं. मग तिथले सर्जन स्टुलावर बसले. उजव्या भिंतीजवळ पोहोचल्यावर त्यांनी सांगितलं, "मॅडम, आता." मॅडमनी माझ्या मांडीच्या आतल्या बाजूला तळवा टेकवला असावा, मला स्पर्श कळत नव्हता, खांदा वाकलेला दिसला. मी डोळे मिटले. दम धरण्यातही अर्थ नव्हता, तरी मी श्वास रोखूनच होतो. आपलं मूत्राशय राहणार की जाणार हे ठरत असताना आपण तिथं हजर असावं आणि आपला काही उपयोग नसावा, याइतकं वाईट मी दुसरं काही अनुभवलेलं नाही.

पाय हलला नाही.

"भिंतीवरचं सगळं काढलंय," सर्जन म्हणाले. "खोल किती गेलंय ते रिपोर्ट सांगेल."

पिशवी

दिवसभर उजवी मांडी आत ओढता येत नव्हती. ती कायमची गेली असं वाटून मी नर्सला सतावलं. दुसऱ्या दिवशी ती परत आली.

शेजारच्या खाटेवर एक तात्या होते, प्रोस्टेटचं ऑपरेशन झालेले. लघवीची पिशवी हातात धरून ते वॉर्डात फेऱ्या मारायचे. मला पहिल्यांदा चालवलं तेव्हा मीही पिशवी घेऊन उभा राहिलो, तर म्हणाले, "चला, बाजारला निघालो दोघं. मेथीची पेंढी मिळाली तर बघा." पोटावर जोर येत होता तरी मी हसलो. नळीची चिकटपट्टी केसांना ओढायची, तर एक सिस्टर ती आधी कोमट पाण्यानं भिजवून काढायची. तिला तसं करायला कोणी सांगितलं नव्हतं.

रूपालीचं मात्र मी काही हलकं करू शकलो नाही. माझं सगळं तीच करायची, आणि मी तिच्यावरच चिडायचो. एकदा ती म्हणाली, "मला बी कुनीतरी सुई द्या म्हनावं, मंग मी बी गप्प पडंन."

रिपोर्ट आला. मुळं स्नायूपर्यंत गेलेली नव्हती. मूत्राशय राहिलं. आता ठरलेल्या दिवशी मूत्राशयात औषध सोडतात, आणि काही महिन्यांनी दुर्बीण घालून बघतात. "बरे झालात" असं कोणी म्हणत नाही. "सध्या काही दिसत नाही" असं म्हणतात. दर तपासणीच्या आधी माझं जेवण कमी होतं आणि घरातलं बोलणं बंद होतं. ज्यांनी हे सोसलंय त्यांना माहीत असेल. लघवीत रक्त दिसलं आणि दुखत नसलं, तर कृपा करून त्याच आठवड्यात दाखवा.

आबा

गेल्या महिन्यात रूपालीनं आबांचं धोतर धुवायला घेतलं आणि तशीच माझ्याकडे आली. डाग होता. आबांना विचारलं तर म्हणाले, "चिखुल आसंल." लघवीला बसले की बराच वेळ उठत नाहीत, हेही मग आमच्या लक्षात यायला लागलं. मी समजावलं, रागावलो, रूपाली जेवली नाही. बारामतीला चला म्हटलं की ते रानात निघून जायचे.

परवा सकाळी ते स्वतःच ओसरीवर येऊन बसले. म्हणाले, "जायाचंच आसंल तर त्या इंदापूरच्याकडं जातो."

मी बघतच राहिलो. "सोनटक्क्यांकडं? आबा, तुमी त्यांना काय काय बोलला होता..."

"म्हाईत हाय मला. शानपना शिकवू नगंस." मग जमिनीकडं बघून, "समदे फुडं जात्यात रं. त्यो थांबला. मी एवढा वरडलो तरी म्हनला न्हाय का तुजंच पोरगं हलत हुतं." मग उठता उठता, "पर मी कंच्या तोंडानं जाऊ? तू चिठ्ठी दी."

मी दिलेली चिठ्ठी खाली उतरवतो आहे.

आदरणीय डॉ. सोनटक्के साहेब,
सप्रेम नमस्कार.

ज्याचा पाय तुम्हाला लागला, तो उजव्या भिंतीच्या गाठीचा पेशंट मी. बारामतीला उरलेली गाठ निघाली. मूत्राशय शाबूत आहे. तुम्ही थांबलात म्हणून शाबूत आहे, असं मुलाणी मॅडम म्हणाल्या. आभार मानायला मी स्वतः यायला हवं होतं, ते राहून गेलं.

आज मी एका कामासाठी लिहीत आहे. ही चिठ्ठी घेऊन येणाऱ्या गृहस्थांना तुम्ही ओळखाल. ते माझे वडील. त्यांच्या लघवीतून रक्त जात आहे, किती दिवसांपासून ते त्यांनी आम्हालाही सांगितलेलं नाही. आज माझं औषध सोडायचा दिवस असल्यामुळे मी आणि रूपाली बारामतीला आहोत. त्यांनी दिवस बदलू दिला नाही. दुसऱ्या कोणाला बरोबर पाठवतो म्हटलं, तर त्यालाही नको म्हणाले. ते एस.टी.नं एकटेच येत आहेत.

तुम्ही विचाराल तेव्हा काही त्रास नाही असं ते सांगतील. तपासू नका म्हणतील. खडा असेल असंही म्हणतील. तरी तपासा. जे निघेल ते आधी त्यांनाच सांगा, मग मला. ऑपरेशन लागलं आणि तुम्ही म्हणालात की इथं थांबू, तर या वेळी बाहेर कोणी ओरडणार नाही.

आणखी एक. ही चिठ्ठी कोणाच्या तरी हाती आत पाठवून ते बाहेरच्या बाकावर बसून राहतील. त्या दिवशी जे बोलले त्यानंतर स्वतःहून तुमच्या समोर येणं त्यांना जमणार नाही. नंबर आला तरी ते दुसऱ्याला पुढं सोडतील, आणि शेवटच्या गाडीच्या आधी उठून घरी येतील.

तेवढं उठून दारापर्यंत या, आणि त्यांना हाक मारा.

आपला,
बाळासाहेब